सात नंबरचं घरटं

मी सत्तावीस वर्षं अंडी उबवण्याचं काम केलं. लातूरच्या बाहेर एक हॅचरी होती, तिथं मी मशीनवर होतो. रेणापूरहून सकाळची गाडी धरायची आणि दिवेलागणीला परत यायचं. कोंबडीच्या अंड्याला साडेसदतीस डिग्री लागते. थोडी वर गेली तर पिल्लं अधू निघतात, खाली गेली तर उशिरा निघतात. आणि अंडं फिरवावं लागतं. एका जागी पडून राहिलं तर आतला जीव कवचाला चिकटतो आणि मरतो. आता मशीनच तासातासाला ट्रे कलते करते. मी लागलो तेव्हा दांडा हातानं ओढावा लागे, आणि दांडा अडकला की आम्ही चौघं उभे राहून एकेक अंडं हातानं फिरवायचो.

हे आधी सांगतो, कारण नंतर माझ्या हातून जे झालं ते ह्या सवयीनं झालं.

माझी बायको पार्वती गेल्या वर्षीच्या मे महिन्यात वारली. शिरूर अनंतपाळला तिच्या नात्यात लग्न होतं. मांडव पत्र्याचा होता. दुपारी तीनला टेम्पोतून परत आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरच्या दवाखान्यात तिनं जीव सोडला. विचारणाऱ्याला मी सांगे, ऊन लागलं. डॉक्टरनी कागदावर तेच लिहिलं होतं. पोरीलाही मी एवढंच सांगितलं.

पोरगी एकच, विशाखा. ती झाली तेव्हा मी हॅचरीत ड्यूटीवर होतो. पार्वतीनं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. गावभर सांगायची, ह्यांनी लाखो कोंबड्यांची बाळंतपणं केली, बायकोचं एक होतं तर ह्यांना रजा मिळाली न्हाई. विशाखाचं नांदेडच्या विद्यापीठात पीएच.डी.ला नाव आहे, पण ती राहते कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात. कासवांवर तिचा अभ्यास आहे. पार्वतीला हे लोकांना समजावून सांगता यायचं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, पोरगी पाण्याच्या खात्यात आहे.

पार्वती गेल्यावर मी घरातच असे. मेहुणी तारामती जळकोटहून अधूनमधून यायची, आठ दिवस पुरेल एवढी चटणी करून ठेवायची. भाकरी मला थापता येत नाही. शेजारून यायच्या, मी कधी खायचो, कधी तशाच राहायच्या. यंदा मार्चमध्ये विशाखा आली. तिनं डबे उघडून बघितले. ज्वारीचं पीठ पार्वतीनं दळून आणलेलंच होतं, त्याला जाळी लागली होती. माझे दोन सदरे, दोन पायजमे आणि गोळ्या पिशवीत भरल्या आणि म्हणाली, चला.

मी समुद्र त्याआधी बघितलेला नव्हता. त्याबद्दल मला फार सांगता येणार नाही. सारखा आवाज असतो.

विशाखाचं काम मला दोन दिवसांत कळलं. समुद्रातली मादी वर येते, वाळूत हातभर खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वरून वाळू लोटते आणि निघून जाते. परत बघायला येत नाही. कोल्ही-कुत्री अंडी उकरतात, माणसंही न्यायची. म्हणून गावातली माणसं पहाटे फिरून ती अंडी उचलतात आणि कुंपणाच्या आत तेवढाच खड्डा करून पुन्हा पुरतात. त्या माणसांना तिथं कासवमित्र म्हणतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं आपली आपण वर येतात, मग त्यांना पाण्याकडं सोडायचं.

मी पहिल्या दिवशी विचारलं, मशीन कुठं हाय. विशाखा हसली. आई गेल्यापासून ती माझ्यासमोर पहिल्यांदा हसली होती. म्हणाली, मशीन नसतंच, वाळूच्या उष्णतेवर सगळं होतं. नुसतं पिल्लू निघणं नाही, तर नर होणार का मादी तेही. वाळू एकोणतीस डिग्रीच्या खाली असली तर बहुतेक नर. एकतीस-बत्तीसच्या वर गेली की बहुतेक माद्या. आणि पस्तीसच्या जवळ राहिली की आतच मरतात.

"म्हणजे आईबापाचा काही संबंध नाही?" मी विचारलं.

"काही नाही. मधले पंधरा-वीस दिवस वाळू किती तापली, एवढंच. पिल्लू हातात घेऊन बघितलं तरी नर का मादी कळत नाही. तापमानावरनं अंदाज करायचा. आणि वाळू वर्षाला वर्ष तापून राहिलीय, दादा."

तिच्या अभ्यासाची नऊ घरटी होती. तीन हिरव्या जाळीखाली, तीन जाळीखाली आणि वर रोज पाण्याचा शिडकावा, आणि तीन उघडी. सात, आठ आणि नऊ नंबर उघडे. प्रत्येक घरट्यात अंड्यांमध्ये एक वायर पुरलेली, तिचं टोक वर एका लहान डबीला. डबी तासातासाला आपोआप तापमान नोंदवत होती, तरी विशाखा सकाळ, दुपार, संध्याकाळ हातानंही वहीत लिहायची. आठ दिवसांत तिनं ते काम मला दिलं. आकडा बघून वहीत लिहिणं हे मला जमण्यासारखं होतं. मी डोक्याला रुमाल बांधून दिवसभर कुंपणाजवळ बसू लागलो. भूक लागू लागली. विशाखानं तारामतीला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं, की दादा आता दोन वेळा जेवून राहिलेत.

मार्च संपायला आला आणि ऊन वाढलं. तीस तारखेला विशाखाला दोन दिवस रत्नागिरीला जावं लागलं. जाताना तिनं सांगितलं, आकडे लिहा, घरट्यांना हात लावू नका. मी हाव म्हटलं. मला वाटलं, हे बघायला येणाऱ्या लोकांसाठी असतं तसं सांगणं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता सात नंबरच्या डबीवर चौतीस पॉइंट सहा होतं. आठ आणि नऊवर त्याच्यापेक्षा कमी. मी दहा मिनिटांनी परत बघितलं. चौतीस पॉइंट सात. मी विशाखाला फोन लावला, तो लागला नाही. कासवमित्र जेवायला घरी गेला होता. मी थोडा वेळ बसलो. मग मला बसवेना. एकदा मी माहीत नसताना नको ते केलं होतं, आणि इथं तर मला माहीत होतं, अंड्याचंच काम होतं. गरम झालेली अंडी मी आयुष्यभर वाचवली होती. वीज गेली, पंखा बंद पडला, की मशीनची दारं उघडायची, ट्रे बाहेर ओढायचे, ओली पोती टाकायची.

मी सात नंबर उकरलं. हातानं, सावकाश. अंडी पांढरी, गोल, मऊ होती, एकही फोडलं नाही. शहाण्णव निघाली. सावलीत ओलं पोतं अंथरून त्यावर ठेवली. अर्ध्या तासानं परत घालायला घेतली. तेव्हा मनात आलं, पंचवीस दिवस झाले, ही एकदाही फिरवलेली नाहीत. ह्या लोकांना हे कसं सुचलं नाही. मग मी परत ठेवताना प्रत्येक अंडं हातात फिरवून, खालची बाजू वर करून ठेवलं. शहाण्णवच्या शहाण्णव. वर ओली वाळू टाकली. चार वाजता डबीवर एकतीस पॉइंट आठ होतं. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर वर्षभरात एवढं बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासवमित्र नवी अंडी घेऊन आला. तो टोपली फार जपून आणत होता. मी विचारलं, एवढी काय काळजी, फुटत तर न्हाईत. त्यानं सांगितलं की फुटण्याची भीती नाही, उलटी होण्याची आहे. घातल्यावर पहिले काही तास सोडले की आतला जीव वरच्या बाजूला चिकटतो. तिथं चिकटून राहिला तरच जगतो. त्यानंतर अंडं उलटं केलं की मेलं.

मी विचारलं, सगळी मरतात का. तो म्हणाला, बहुतेक सगळी.

मी त्याला काही सांगितलं नाही. विशाखा संध्याकाळी आली. दोन दिवसांनी डबीतली नोंद कॉम्प्युटरवर घेताना तिला दिसलं की एकतीस तारखेला दुपारी सात नंबरचं तापमान एकदम खाली आलंय. मला विचारलं, पाऊस आला होता का? मी म्हटलं, न्हाई, वारा होता. वायर हलली असेल. तिनं मान हलवली आणि त्या आकड्यावर खूण केली.

एप्रिलात जयंतीच्या आधी मी रेणापूरला परत आलो. चौदा तारखेला गावात असलं पाहिजे असं म्हणून निघालो. खरं कारण ते नव्हतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात विशाखाचा फोन आला. जाळीखालची घरटी चांगली निघाली होती, शंभरातली ऐंशी. आठ आणि नऊमधून निम्म्याहून कमी. सात नंबरमधून एकही नाही. तिनं अंडी फोडून बघितली होती. पिल्लं पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मेलेली होती, आणि त्याच दिवसांत तापमान चौतीसच्या वर गेलेलं. तिच्या मार्गदर्शक सरांनी ते आकडे बघून सांगितलं होतं, हीच तुमच्या अभ्यासातली मुख्य गोष्ट. आपल्या किनाऱ्यावर मार्चअखेर उघड्या वाळूत किती डिग्रीला सगळं संपतं, हे इतकं स्पष्ट कोणाला मिळालेलं नाही. बावीस मेला नांदेडला समितीपुढं मांडायचं होतं. विशाखा म्हणाली, वाईट वाटतं, पण निदान त्यांच्या मरण्यातून काही कळलं.

मी म्हटलं, हाव. दुसरं काय म्हणणार.

एकोणीस मेला पार्वतीचा पुण्यस्मरण दिवस होता. विशाखा सतरालाच आली. तारामती आदल्या दिवशी जळकोटहून आली, आणि घर पहिल्यांदा झाडल्यासारखं झालं. सकाळी वंदना झाली, भंतेजींचं बोलणं झालं, चाळीसेक माणसं जेवून गेली. तारामती वाढता वाढता विशाखाला म्हणाली, आता तुझ्या आईमागं मीच विचारणार, लग्नाचं कसं काय. विशाखानं विषय बदलायला कासवांचं सांगितलं, की वाळू अशीच तापत राहिली तर नुसत्या माद्याच निघतील.

"नुसत्या पोरीच?" तारामती म्हणाली. "बरं झालं आमच्या सासूबाई कासवीण न्हाई झाल्या. सूनंला सोडून समुद्रालाच शिव्या घालत बसल्या असत्या." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "दाजी, तुम्ही जाऊन आलात की तिथं. कोंबड्यांच्या डॉक्टरनं काय इलाज सांगितला कासवांना?"

सगळे हसले. विशाखा म्हणाली, दादांनी लई मदत केली, सगळे आकडे त्यांनीच लिहिले. मी ताट उचलून बाहेर गेलो.

तारामती दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. घरात आम्ही दोघंच राहिलो. बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं, कूलर चालू होता. दुपारी विशाखानं कॉम्प्युटर उघडला आणि मला समोर बसवलं. म्हणाली, मी नांदेडला बोलणार ते आधी तुम्हाला सांगते, कुठं कळलं नाही तर थांबवा. तुम्हाला कळलं तर कोणालाही कळेल.

ती चांगलं बोलत होती. नऊ घरट्यांच्या नऊ रेघा होत्या. सातची लाल. ती वर वर चढत गेली होती, मध्ये एका जागी खाली येऊन परत वर. त्या जागेवर बोट ठेवून ती म्हणाली, इथं वायर सैल झाली होती, ही नोंद धरलेली नाही. आणि इथून पुढं जिवंत पिल्लं शून्य.

मी म्हटलं, "विशू, ती नोंद खरी हाय."

"कोणती?"

"खाली आलेली. वायर सैल न्हाई झाली. मी अंडी बाहेर काढली होती."

मी सगळं सांगितलं. पोतं, ओली वाळू, आणि फिरवली ते. मी सांगत असताना तिचा हात कॉम्प्युटरवरच होता. माझं झाल्यावर तिनं वही ओढली आणि विचारायला लागली. किती वाजता काढली. किती वेळ बाहेर होती. सावलीत का उन्हात. सगळी फिरवली का काही राहिली. पूर्ण उलटी का अर्धी. मी जे आठवत होतं ते सांगितलं. ती लिहीत गेली. तिचं अक्षर नेहमीसारखंच येत होतं.

"मरतात हे तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

"म्हणजे मी यायच्या आधी."

"हाव."

"मी तुम्हाला विचारलं होतं, दादा. पाऊस आला होता का म्हणून विचारलं होतं."

कूलरचं पाणी संपलं होतं, तो नुसता गरम वारा फेकत होता. कोणी उठलं नाही.

ती म्हणाली, "दीड महिना तुम्ही मला ते आकडे सांगू दिले. सरांना सांगू दिले. परवा सगळ्यांसमोर सांगू देणार होता. का?"

त्या वेळेला मला दोन उत्तरं देता आली असती. तू रागावशील म्हणून, असं म्हणालो असतो तर ते खोटं नव्हतं. पण तेवढंच नव्हतं. मी म्हटलं, "ऊन लागून मेली म्हटलं की कोणी पुढं इचारत न्हाई. मला त्याची सवय लागली."

तिला कळलं नाही. मग मी तिला तिच्या आईचं सांगितलं, जे मी वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं. पार्वती लग्नाहून आली तेव्हा तिचं अंग भाजत होतं आणि ती म्हणाली, मला थंडी वाजून राहिली. आमच्याकडं ताप आला की पांघरून घाम काढायचा, माझ्या आईनं आम्हा सगळ्यांचा तसाच काढला. मी कूलर बंद केला. खिडकी लावली. तिच्या अंगावर वाकळ घातली, जुन्या लुगड्यांची, जाड, आणि तिच्यावर दुसरी. पायाशी बसून राहिलो. तीन तास. घाम आला नाही. ती बडबडायला लागली तेव्हा गाडी बोलावली. लातूरच्या डॉक्टरनी पहिलं विचारलं, अंग थंड केलं का, ओला कपडा, बर्फ, काही? मी म्हटलं, होय. पुढं त्यांनी काही विचारलं नाही.

विशाखानं कॉम्प्युटर मिटला. ती उठली, माठातलं पाणी प्याली, आणि मागच्या दारात उंबऱ्यावर जाऊन बसली. ऊन तिच्या पायावर येत होतं. मी आत ये म्हटलं नाही. संध्याकाळी तिनं खिचडी केली आणि मला वाढली. आम्ही जेवलो. दुसऱ्या दिवशी दिवसभर तिनं कॉम्प्युटरवर काम केलं. ती सातची लाल रेघ काढून टाकत होती. रेघ निघाली की पुढचे हिशेब बदलत, ते बदलले की पानं बदलत. मध्ये एकदा मार्गदर्शक सरांना फोन करून पाच मिनिटं बोलली. ती "हो सर" एवढंच म्हणत असल्याचं ऐकू येत होतं.

नांदेडला मीही आलं पाहिजे असं तिनं सांगितलं. सकाळच्या गाडीनं लातूर, तिथून नांदेड. वाटेत अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा तिनं चहा घेणार का विचारलं, बाकी बोलणं झालं नाही.

समितीत चौघं होते. मी मागच्या खुर्चीवर बसलो. विशाखा रेणापूरच्या घरात बोलली होती तसंच बोलली, फक्त सातची रेघ नव्हती. तिनं सांगितलं की एक घरटं मोजणीतून काढलं आहे, कारण पंचविसाव्या दिवशी अंडी हाताळली आणि उलटी केली गेली होती. समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, हे कशावरून, तुमच्या आधीच्या अहवालात तर तापमानामुळं मृत्यू असं लिहिलंय.

"ज्यांनी फिरवली त्यांनी स्वतः सांगितलं," विशाखा म्हणाली. "माझे वडील. ते मागं बसलेत."

चौघांनी मागं बघितलं. मी उभा राहिलो. मॅडमनी मला विचारलं, एकूण एक अंडं फिरवलं का. मी म्हटलं, हाव मॅडम, शहाण्णव. त्यांनी विचारलं, का? मी सांगितलं की कोंबडीची फिरवावी लागतात. कोणी हसलं नाही. एका सरांनी बसा म्हटलं तेव्हा मी बसलो.

मग ते आपसात बोलले आणि विशाखाला सांगितलं की तीन उघड्या घरट्यांतलं एक गेलं, राहिलेल्या दोनांवर असं ठाम काही म्हणता येणार नाही. आणखी एक हंगाम करावा लागेल. विशाखानं विचारलं, म्हणजे पुढच्या मेपर्यंत? ते म्हणाले, होय. प्रामाणिकपणे सांगितलं हे चांगलं केलं, असंही एक सर म्हणाले. विशाखानं कागद गोळा केले.

ती नांदेडला मैत्रिणीकडं दोन दिवस राहून अहवाल नव्यानं लिहिणार होती, तिथूनच कोकणात जाणार होती. मला बसवून द्यायला स्टँडवर आली. लातूरची गाडी लागली होती. तिनं आत येऊन मला सावलीच्या बाजूची खिडकी बघून दिली, पाण्याची बाटली हातात दिली, आणि खाली उतरायच्या ऐवजी शेजारी बसली. गाडी भरत होती. एका बाईनं विचारलं, ही जागा रिकामी हाय का. विशाखा म्हणाली, दोन मिनिटं थांबा.

मग मला म्हणाली, "आईनं वाकळ काढा म्हटलं होतं का?"

मी तिच्याकडं बघितलं. तिला खोटं सांगितलं असतं तरी तिला कळलं नसतं. खोलीत आम्ही दोघंच होतो, मी आणि पार्वती.

"हाव," मी म्हटलं. "दोनदा."

"मग?"

"मी परत घातली. वाटलं, बडबडतीया."

विशाखानं मान हलवली. लातूरचे नसतील त्यांनी उतरा, असं कंडक्टर म्हणाला. ती उठली, त्या बाईला जागा दिली, आणि खाली जाऊन खिडकीजवळ उभी राहिली. वेळेवर जेवा, म्हणाली. गोळ्या संपायच्या आधी आणा, म्हणाली. गाडी निघेपर्यंत ती तिथं होती, पण बघत दुसरीकडं होती.

आता डिसेंबर चालू आहे. तिकडं कासवं यायला लागली असतील. ती दर रविवारी सकाळी फोन करते, जेवणाचं विचारते, तारामतीचं विचारते. ह्या वर्षी तिनं मला तिकडं बोलावलेलं नाही. मीही येतो म्हटलेलं नाही. तिचं बरोबर आहे. हॅचरीत एकदा एका माणसानं दार उघडं ठेवून पूर्ण मशीन घालवली होती. आम्ही त्याला शिव्या दिल्या नव्हत्या, पण परत कोणी त्याला मशीनजवळ एकटं सोडलं नाही.